गाडीची उंची आणि चाकाची चाल



पाऊस लागला की ऊस विकास विभागाकडे चौकश्यांची रीघ लागते. आडसालीचे बेणे कुठले घ्यावे, हुमणीला काय टाकावे, खोडव्यात पाचट ठेवावे की पेटवावे, हे नेहमीचे प्रश्न. त्यांत दोन-तीन वर्षांपासून एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, जीपला लिफ्ट किट कुठलं बसवावं?" विचारणारे बहुधा सभासदांचे चिरंजीव असतात, क्वचित स्वतः सभासदही असतात. मागे एका गट ऑफिसात ठिबकच्या बैठकीत अर्धा तास याच विषयावर गेला आणि ठिबक राहून गेले.

ऊस विकासाशी याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमच्या मते संबंध आहे. जीप हे आपल्या भागात आता शेतीचे अवजार झाले आहे. खताची पोती, विहिरीवरची मोटार, भांगलणीच्या बायका, रात्री-अपरात्री वस्तीवरचा आजारी माणूस, सगळे तिच्यातूनच जाते. आणि लिफ्ट किटचा पैसा येतो कुठून? उसाच्या बिलातून. चांगल्या प्रतीच्या स्प्रिंगा, शॉकअप, मोठे टायर आणि मजुरी असा हिशेब मांडला तर तो एकरभर लागणीच्या खर्चाला हात लावतो, पुष्कळदा ओलांडूनही जातो. तेव्हा या खर्चावर चार शब्द लिहिणे आमच्या कामात बसते असे आम्ही धरून चालतो. आम्ही कृषी पदविकाधारक, इंजिनिअर नव्हे. पण गेली वीसेक वर्षे पाणंदी तुडवतो आहोत आणि कारखान्याच्या वाहन विभागातले मिस्त्री जीपखाली शिरले की शेजारी उकिडवे बसून बरेच पाहिले-ऐकले आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचे नाही त्यांचा वेळ वाचेल. आपल्या पाणंदीला उंच गाडी लागत नाही, चाकाला चाल असलेली गाडी लागते. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि बाजारात पहिली विकली जाते ती दुसरीच्या नावावर.

चाल म्हणजे काय ते आधी पाहू. गाडी बांधावरून तिरकी नेली की एक चाक वर चढते आणि त्याच्या समोरचे चाक खाली लोंबते. चाक सगळ्यांत खाली जाऊ शकते तिथपासून सगळ्यांत वर येऊन रबरी ठोकळ्याला टेकते तिथपर्यंतचे जे अंतर, ती त्या चाकाची चाल. चाल जास्त असेल तर लोंबणारे चाक जमिनीला टेकून राहते आणि ओढ धरते. चाल कमी असेल तर ते हवेत उचलले जाते आणि नुसते फिरत राहते. साधा डिफरन्शियल असलेल्या गाडीचे एक चाक हवेत गेले की त्या आसाची सगळी ताकद त्या रिकाम्या चाकाकडे पळते, आणि दुसरे चाक जमिनीवर असून नसल्यासारखे होते. गाडी अडकते ती बहुधा अशी. उंचीअभावी अडकणाऱ्या गाड्या आम्ही त्या मानाने कमी पाहिल्या.

उंचीची गरज अगदीच खोटी आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. हंगामात तोडलेल्या उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ज्या पाणंदीतून ओढल्या जातात त्या पाणंदीत चाकोऱ्या पडतात, आणि जूनमध्ये त्या पाण्याने भरल्या की मळ्यात राहणाऱ्या माणसाचा जगाशी संबंध तुटतो. शेवटच्या दिवसांतली बाळंतीण मळ्यातून डांबरी सडकेपर्यंत आणायची झाली तर गाडी निघालीच पाहिजे. तिथे हौसेचा प्रश्न येत नाही. पण अशा वेळी नेमके काय अडते ते खाली वाकून बघावे. ट्रॅक्टरच्या चाकोरीत जीपची चाके उतरली की मधला वरंबा गाडीच्या पोटाखाली येतो आणि त्यावर पहिल्यांदा घासतो तो डिफरन्शियलचा गोळा. आता मागचा आस सरळ एकसंध असलेल्या गाडीत हा गोळा आसाबरोबर, म्हणजे चाकांबरोबर असतो. तुम्ही स्प्रिंगा बदलून चेसिस दोन इंच काय, सहा इंच वर न्या. गोळा आहे तिथेच राहतो. तो वर न्यायचा एकच उपाय, मोठा टायर. त्यातही टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते. २९ इंची टायर काढून ३१ इंची बसवला तर गोळा एक इंच वर गेला. बस्स.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये जी नवी थार आली तिच्यात पुढचा डिफरन्शियल चेसिसला धरलेला आहे आणि पुढची चाके स्वतंत्र आहेत. त्यामुळे लिफ्टने पुढचा गोळा वर जातो, पण मागचा सरळ आस तसाच. म्हणजे पुढून सुटली तरी मागून अडकायची ती अडकतेच. शिवाय पुढचा गोळा वर गेला की चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे जास्त तिरके होतात, त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट लवकर फाटतात आणि आत चिखल शिरला की सांधा गेलाच म्हणून समजा. कंपनीकडून येतानाच या गाडीचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असते, म्हणजे जवळजवळ नऊ इंच. जिम्नीचे २१० मिलिमीटर. आपल्या बहुतेक पाणंदींना इतके पुरते. ज्यांना पुरत नाही त्या पाणंदीला मुरूम टाकणे हा गावकीचा विषय आहे, गॅरेजचा नव्हे.

लिफ्टने फायदा होतो तो कुठे? उंच बांध ओलांडताना पोट टेकत नाही, ओढ्याच्या काठावर चढताना पुढचा बंपर मातीत रुतत नाही, आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते. हे फायदे खरे आहेत. पण त्यांची किंमत द्यावी लागते आणि ती पैशात नसते.

आपल्या सभासदांना गुरुत्वमध्य समजावून सांगण्याची गरज नाही. बैलगाडीत मोळ्या किती उंच रचाव्यात, ट्रॉली कुठल्या वळणावर हळू घ्यावी, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. एका टनाने जास्त भरलेली पण बसकी ट्रॉली घरी येते, आणि कमी वजनाची पण उंच रचलेली ट्रॉली चारीत पडते. जीपचेही तेच आहे. समजा दोन चाकांमधले अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून पाऊण मीटरवर. कागदावर ही गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उलटणार नाही. दोन-तीन इंचांची लिफ्ट आणि मोठे टायर मिळून गुरुत्वमध्य साडेसात सेंटिमीटर वर गेला तर तोच आकडा ४२ वर येतो. तीनच अंश, असे कोणी म्हणेल. पण कागदावरची गाडी मोकळी असते, ताठ असते आणि घट्ट जमिनीवर उभी असते. आपली गाडी कालव्याच्या ओल्या भरावावर असते, उताराकडची चाके रुतलेली असतात, वर कॅरिअरवर पाईप असतात, मागे सहा-सात माणसे एका अंगाला बसलेली असतात, आणि मऊ लांब स्प्रिंगांवर तिचे अंग आधीच उताराकडे झुकलेले असते. एवढी वजाबाकी झाल्यावर हाताशी किती अंश उरले? त्या उरलेल्यातले तीन अंश लिफ्टने गेले.

म्हणून ज्या गाडीतून मजूर जातात त्या गाडीला लिफ्ट नको, हे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. मागच्या फळीवर बसलेल्या बाईला पट्टा नसतो आणि डोक्यावर ताडपत्री असते.

आता बाजारात उंची कशी दिली जाते ते पाहण्यासारखे आहे, कारण इथेच सभासदांचा पैसा वाया जातो. जुन्या पाट्यांच्या जीपला, म्हणजे एमएम ५४० असो, कमांडर असो की जिप्सी असो, सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणून लांब शॅकल घालतात. दोन इंच लांब शॅकल घातली तर गाडी एकच इंच उचलली जाते, पाट्याचे एकच टोक खाली गेले म्हणून. पुढच्या पाट्यांना असे केले की आस थोडा फिरतो आणि स्टेअरिंगचा तोल बिघडतो. दुसरा उपाय, जादा पान घालून पाटा जाड करणे. गाडी वर येते खरी, पण पाटा इतका ताठ होतो की रिकाम्या गाडीत तो वाकतच नाही. चाल वाढायची सोडून कमी झाली! बसणाऱ्याच्या मणक्याला विचारा.

२०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई नमुन्याला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार होता. टॉर्शन बार म्हणजे पिळ बसणारी पोलादी सळई. तिचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर येते. यात एक पैशाचा नवा भाग लागत नाही, म्हणून गॅरेजवाला खूष आणि गिऱ्हाईकही खूष. पण चाकाची एकूण चाल होती तेवढीच राहिली, त्यातली खाली जाण्याची चाल आपण आधीच वापरून टाकली. गाडी उंच उभी दिसते, आणि जरा खड्डा आला की चाक खाली जायला जागाच नाही म्हणून खाडकन आवाज येतो. कॉईल स्प्रिंगच्या गाडीत स्प्रिंगच्या टोकाला रबराची किंवा ॲल्युमिनियमची चकती घालतात, त्याचीही गोष्ट हीच. स्प्रिंग जुनी, शॉकअप जुने, फक्त उभे राहण्याची जागा वर सरकली. तालुक्याच्या ठिकाणच्या एका गॅरेजात आम्ही पाहिले, अशा चकत्या घातलेल्या गाडीचे मागचे ब्रेकचे रबरी नळ चाक लोंबल्यावर सतारीच्या तारेसारखे ताणले गेले होते. मालकाला विचारले तर म्हणाला, "साहेब, चालते की!" चालेल. थांबेल का, हा प्रश्न होता.

एका वयस्क सभासदांनी आम्हांला विचारले, "पोरगं म्हणतंय लाँग ट्रॅव्हल शॉकअप घेऊ या, म्हणजे चाल वाढंल. मग आता तर तुमच्याच मनासारखं झालं नव्हं?" आम्ही म्हणालो, "अण्णा, शॉकअपनं चाल वाढत नाही. असलेली चाल वापरू देतो, एवढंच." याचा उलगडा करायला हवा.

नाव शॉकॲब्सॉर्बर असले तरी झटका तो खात नाही. झटका खाते ती स्प्रिंग किंवा पाटा. शॉकअपचे काम असे, की झटका खाऊन स्प्रिंग जे हेलकावे देऊ लागते ते थांबवणे. आत तेल असते, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोके असतात. तेल त्या भोकांतून जबरदस्तीने जाताना हालचालीचा जोर उष्णतेत जिरतो. साधे शॉकअप दुहेरी नळीचे असतात. महाग शॉकअप एकेरी नळीचे असतात, त्यांत दाबाखाली नायट्रोजन भरतात म्हणजे तेलाला फेस येत नाही, आणि सगळ्यांत महाग जे असतात त्यांना बाहेरून तेलाची वेगळी डबी जोडलेली असते. ही डबी बघितली की आपल्या पोरांचे डोळे चमकतात.

ही डबी आली कुठून? मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ साली वाळवंटी शर्यत सुरू झाली, शेकडो मैलांची. तिथे आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात खडबडीत जमिनीवरून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने गाड्या तासन् तास पळतात. चाक मिनिटाला शेकडो वेळा खालीवर होते, तेल उकळायच्या बेताला येते, शॉकअप ढिला पडतो. म्हणून चाल मोठी, तेल जास्त, आणि ते थंड ठेवायला वेगळी डबी. आता आपल्या पाणंदीत गाडीचा वेग किती? ताशी आठ-दहा किलोमीटर. शॉकअप गरम व्हायचा प्रश्नच येत नाही. हात लावून बघा, थंडगार असतो. मग त्या डबीचे पैसे कशासाठी? गोव्यात २०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा सुरू झाली, तिच्या चित्रफिती आपल्याकडची पोरे मोबाईलवर बघतात. ती स्पर्धा चिखलातली, कमी वेगाची, त्या मानाने आपल्याला जवळची. पण तिथल्या गाड्या नीट पाहाव्यात. त्यांना लोखंडी पिंजरा असतो, आतल्या दोघांना पट्टे असतात, डोक्याला शिरस्त्राण असते, पुढे विंच असते, आणि ती गाडी दुसऱ्या दिवशी भांगलणीला माणसे नेत नाही.

शॉकअपची लांबी हा मापाचा विषय आहे, आवडीचा नव्हे. गाडी समतल जागेवर घ्यावी, चेसिसखाली भक्कम ठोकळे देऊन मागची दोन्ही चाके लोंबती सोडावीत, आणि शॉकअपच्या वरच्या व खालच्या डोळ्यांमधले अंतर मोजावे. हे झाले लांब अंतर. मग एक चाक बांधावर चढवून किंवा मागे वजन भरून आस रबरी ठोकळ्याला टेकवावा आणि पुन्हा तेच अंतर मोजावे. हे आखूड अंतर. समजा पहिले २४ इंच आले आणि दुसरे १४ इंच. जो शॉकअप बंद स्थितीत साडेपंधरा इंच आहे तो तुमच्या गाडीला चालणार नाही, मग तो कितीही नामांकित असो. आस ठोकळ्याला टेकण्याआधीच दीड इंचावर शॉकअपचा दट्ट्या बुडाला टेकेल आणि सगळ्या गाडीचा दणका त्या एका बोल्टवर येईल. बोल्ट तुटेल, नाहीतर चेसिसवरचे कान फाटेल. लांब चालीच्या शॉकअपची गोम अशी की, तो उघडल्यावर लांब असतो तसा मिटल्यावरही लांब असतो; दांडा मिटून जायला नळी तेवढी लागतेच. म्हणून मूळ जागी तो बसवला की खाली ठोकळा वाढवावा लागतो, आणि ठोकळा वाढवला की वर जाण्याची चाल गेली. एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने दिले.

हे टाळायचे तर शॉकअपचे वरचे कान वर न्यावे लागते, ब्रेकचे नळ लांब करावे लागतात, प्रॉपेलर शाफ्टचा सरकता भाग निसटत नाही ना ते बघावे लागते. जिम्नीसारख्या किंवा गुरखासारख्या गाडीत, जिथे पुढचा आस सरळ आहे आणि दांड्यांनी धरलेला आहे, तिथे आणखी एक भानगड आहे. सायकलचा पुढचा चिमटा जसा किंचित तिरका असतो तसा चाक फिरण्याच्या आसाला तिरकसपणा असतो, म्हणून वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येते. गाडी उचलली की हे दांडे खाली झुकतात, आस फिरतो आणि तो तिरकसपणा कमी होतो. डांबरी सडकेवर गाडी डावी-उजवी भटकते, साठच्या पुढे कधी स्टेअरिंग थरथरू लागते. आडवा दांडा आसाला एका बाजूला ओढतो तो वेगळाच. दोन इंचांपर्यंत हे वेगळ्या बुशांनी आणि कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्याने सावरता येते. त्यापुढे एकामागून एक भाग बदलत जावे लागते.

मग घ्यावे काय? आमच्या मते पहिला खर्च टायरवर करावा, आणि तोही मूळ मापाच्या किंवा एखादा इंच मोठ्या, उघड्या दातांच्या टायरवर. आपली काळी माती दातांत भरून टायरचा गुळगुळीत रूळ करते. दात मोकळे असले तर माती फेकली जाते. हवा ३० वरून २० पौंडांवर आणली तर टायर पसरतो आणि रुतणारी गाडी बहुधा निघते. यापेक्षा फार खाली जाऊ नये, टायर रिमवरून उतरतो. आणि डांबरीवर येताच हवा पुन्हा भरावी. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवला की झाले. आकाराने फार मोठे टायर घातले तर गिअर जड होतात, ब्रेकला जोर लागतो, आणि २९ चे ३१ केल्यावर काट्यावर पन्नास दिसतात तेव्हा गाडी त्रेपन्नच्या पुढे असते.

त्यानंतर जुन्या पाट्यांच्या गाडीत पाटे उतरवून पाने साफ करावीत, गंज घासावा, तुटके पान बदलावे, नवी बुश घालावीत. वर्षानुवर्षे गंजून एकमेकांना चिकटलेली पाने मोकळी झाली की चाल वाढते, आणि खर्च येतो तो मजुरीचा. आमच्या विभागाच्या जीपांना कारखान्याच्या मिस्त्रींनी हेच केले. मग शॉकअप, मोजलेल्या मापाचे, गॅसचे, एकेरी किंवा दुहेरी नळीचे, डबीविना. आणि एवढे करूनही बांधावर पोट टेकतच असेल, गाडीत मजूर बसत नसतील, तर दीड ते दोन इंचांच्या नव्या स्प्रिंगा घ्याव्यात. त्याही गाडीवर रोज जे वजन असते त्याच्या हिशेबाने. बाजारात एकाच उंचीच्या स्प्रिंगा हलक्या, मध्यम, जड अशा मिळतात आणि उंच दिसावी म्हणून पोरे जड घेतात. रिकाम्या गाडीत जड स्प्रिंग म्हणजे नुसता लोखंडाचा खुंटा.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून नोंदणीपत्रातला तपशील वेगळा पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच ठरवले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. गॅरेजवाला हे सांगत नाही. काय चालते आणि काय नाही ते परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्यावे, आणि विमा कंपनीलाही कळवावे. न कळवता केलेल्या बदलावरून भरपाईत वाद निघू शकतो, आणि तो निघतो तेव्हा गाडी चारीत असते आणि माणूस दवाखान्यात.

चाल तपासायची तर बांधावर तपासावी. बसक्या बांधावर पुढचे एक चाक हळू चढवत न्यावे, एका माणसाने बाजूला, उताराकडे नव्हे, उभे राहून मागच्या चाकांवर लक्ष ठेवावे. मागचे एखादे चाक जमीन सोडते त्या क्षणी थांबावे आणि पुढचे चाक किती वर गेले ते मोजावे. काही बदल करण्याआधी एकदा आणि केल्यानंतर एकदा, त्याच बांधावर. आकडा वाढला नसेल तर किट विकणाऱ्याला तो आकडा दाखवावा.

राहिली वजनाची गोष्ट. स्प्रिंग निवडायला पुढच्या आसावर किती वजन आणि मागच्यावर किती, हे ठाऊक असावे लागते. कारखान्याचा काटा हंगाम नसताना मोकळा असतो. (आपल्या काट्याविषयी सभासदांच्या मनात काय काय येते ते आम्हांस माहीत आहे, जीप तोलताना तरी दोन्ही पक्षांचा स्वार्थ एकच आहे.) गव्हाणीत मोळी पडण्याआधी महिनाभर, आठवड्यातून एक दिवस सभासदांच्या जीपा विनामूल्य तोलून द्याव्यात, अशी विनंती आम्ही कार्यकारी संचालकांकडे करीत आहोत. परवानगी मिळाली की दिवस गट ऑफिसच्या फळ्यावर लागेल. आधी पुढची चाके काट्यावर, मग सगळी गाडी, मग फक्त मागची चाके, अशी तीन वजने घेतली जातील. येताना टाकी भरलेली असावी, आणि रोज जे सामान गाडीत असते ते काढून ठेवू नये.